कोऱ्या घोडीची किंमत

१

घोडीचा उजवा पुढचा पाय हवेत होता आणि त्या पायाखाली माझी मुलगी पडली होती.

शनिवार, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. वेळ पक्की ठाऊक आहे, कारण जाग आल्याबरोबर मी आधी मोबाइल बघितला आणि मग शेजारची रिकामी उशी. हो, मी झोपले होते. अँजीला झोपवता झोपवता माझाच डोळा लागला. अर्धा तास. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही, पण इथे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला ते शोधून काढल्यासारखं ऐकवायला नको.

मागचं दार सताड उघडं होतं. केळीच्या ओळींमधून मी अनवाणी धावले. वसईतल्या होळी गावातली आमची वाडी लांबट आहे. पुढे घर, मध्ये केळी आणि सोनचाफा, अगदी टोकाला तबेला. तिथे बदाम उभी होती, आमची तीन वर्षांची शिंगी, तरणी घोडी. तिच्या पुढच्या पायांपाशी अँजी कुशीवर पडलेली. डोळे मिटलेले. डाव्या भुवईतून निघालेलं रक्त कानापर्यंत गेलेलं. मुठीत अर्धं गाजर. आणि वर तो पाय.

मी अँजीला खेचून घेतलं आणि हाताला आली ती बादली घोडीच्या तोंडावर फेकली. तिने मान झटकली, पण दोरी तोकडी होती, तिला मागे सरता येईना. तेवढं एक डोळ्यांत राहिलं. ताणलेली दोरी.

डॉक्टरांनी तीन टाके घातले. पोर शुद्धीवर आली होती, रडत होती, म्हणजे ठीक, म्हणाले. उलटी झाली तर लगेच आणा. "घोड्याची लाथ आणि फक्त तीन टाके? मेणबत्ती लावा चर्चमध्ये."

मेलरॉय, माझा नवरा, ऑफिसच्या ऑडिटसाठी नाशिकला. फोनवर त्याचं पहिलं वाक्य: "तू कुठे होतीस?" मी फोन कट केला.

माझे सासरे, सॅन्टनपप्पा, गावातल्या लग्नातून तसेच धावत आले होते. कोटाच्या खिशाला अजून गुलाब टाचलेला. अँजीच्या डोक्यावरची पट्टी बघून ते खुर्चीत बसले ते उठेनात. मग म्हणाले, "उद्या मी पंचवीस सांगणार."

पंचवीस हजार. आठवड्यापूर्वी त्याच घोडीचा आकडा सव्वा लाख होता.

आणि मी म्हटलं, "पंचवीससुद्धा जास्त आहेत."

२

इथे एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

बदाम आमची एकट्याची नाही. तीन वर्षांपूर्वी कॉन्रॅड अंकलनी त्यांची म्हातारी गाभण घोडी पप्पांकडे अर्धेलीने पोसायला दिली. कॉन्रॅड अंकल म्हणजे बोळिंजचे बग्गीवाले. आमच्याकडच्या निम्म्या नवऱ्या त्यांच्या पांढऱ्या बग्गीतून चर्चला जातात. अर्धेलीने म्हणजे जनावर त्यांचं, चारापाणी आणि मेहनत आमची, आणि जे शिंगरू होईल त्यात निम्मं-निम्मं. म्हातारी घोडी बाळंतपणानंतर गेली. बदामला पप्पांनी बाटलीने दूध पाजलं. अँजी तेव्हा एक वर्षाची. दोघींच्या बाटल्या मी एकाच टोपात उकळल्या आहेत.

शिंगरू तीन वर्षांचं झालं की किंमत ठरवायची. ज्याने पोसलं त्याने आकडा सांगायचा. ज्याची घोडी होती त्याने निवडायचं: निम्मे पैसे देऊन जनावर न्यायचं, नाहीतर निम्मे पैसे घेऊन जनावर सोडायचं. म्हणून सांगणारा खोटं सांगू शकत नाही. कमी सांगितलं तर समोरचा फुकटात घेऊन जाईल, जास्त सांगितलं तर स्वतःच्याच गळ्यात पडेल. आणि एक अट. आकडा ठरेपर्यंत जनावर कोरं राहिलं पाहिजे. पाठीवर खोगीर नाही, अंगावर साज नाही. दोघांनीही आंधळेपणाने ठरवायचं, त्यात न्याय.

हे सगळं रविवारी, चर्चमधली मिस्सा झाल्यावर, आमच्या ओट्यावर व्हायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी माणसं बघायला आली. मी अँजीला मांडीवर घेऊन बसले होते आणि प्रत्येकाकडे बघत होते. मला दुसरं काही सुचतही नव्हतं. बी.एस्सी.नंतर पाच वर्षं मी एका लॅबमध्ये काचपट्ट्या तपासल्या आहेत. घाबरले की मी बघत बसते.

आधी विनीबाय, माझी मोठी नणंद. बाजूलाच राहते. तबेल्याच्या जागेवर तिला दोन खोल्या काढून भाड्याने द्यायच्या आहेत, हे सगळ्या आळीला माहीत आहे.

"मी म्हणत होते ना, जनावर घरात नको! पण माझं कोण ऐकतं? आणि तू ग, पोर तबेल्यापर्यंत जाते आणि आईला पत्ता नाही?"

"विनीबाय, तुम्ही लग्नात होता ना? मग लग्नाचं सांगा."

"काय सांगू? नवरी एकाच घोड्याच्या बग्गीतून आली. कॉन्रॅडने जोडीचे पैसे घेतलेत म्हणे! हा बघ फोटो."

फोटो बघितला. पांढरी बग्गी, एक घोडा, शेजारची जागा रिकामी. पुढच्या फोटोंत चर्चच्या आत विनीबाय पहिल्याच बाकावर, तीन वेगवेगळ्या तोंडांनी.

मग संग्राम आला. तुळिंजला राहतो, राजोडीच्या किनाऱ्यावर पोरांना घोड्यावर फिरवतो. बदामवर त्याचा सहा महिन्यांपासून डोळा. "काका, कसम से, मला द्या. लाथ मारते तर मारू दे, मी बघून घेईन. तुम्ही पंचवीस म्हणता, मी चाळीस देतो, कॅश." मुलीची पट्टी अजून ओली होती आणि हा कॅश म्हणत होता. मी त्याला दारापर्यंत पोचवलं म्हणजे हाकललं.

शेवटी कॉन्रॅड अंकल. लग्नाचाच सूट, हातात चॉकलेटचा मोठा डबा. त्यांनी वाकून विचारलं, "काय बोलली का पोर?"

"रडतेय."

"नाही, काही सांगितलं का, कसं झालं ते?"

"अजून नाही."

"हं. नको विचारू. घाबरेल." मग पप्पांच्या खांद्यावर हात. "सॅन्टन, कोणाचा दोष नाही. जनावरच ते. तू पंचवीस म्हण, मी उद्याच्या उद्या घेऊन जातो. तुझ्या दारातली पीडा गेली."

पप्पांनी त्यांचा हात धरला. डोळ्यांत पाणी. मलाही तेव्हा तो माणूस देवासारखा वाटला, हे लिहिताना आज माझे दात आवळतात.

३

रविवारी सकाळी अँजीने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला. "बदामची शाळा सुटली?"

"कसली शाळा?"

"तिने दप्तर घातलं होतं."

विनीबाय चहा घेऊन आली होती. "डोक्याला मार बसलाय, बरळतेय. डॉक्टरला फोन कर."

मी फोन नाही केला. अँजीचं दप्तर दाराला टांगलेलं होतं ते काढून तिच्यासमोर धरलं. "असं?"

"हो. पाठीवर. आणि इथे पण." तिने बोट ठेवलं ते छातीवरच्या पट्ट्यावर. बालवाडीच्या दप्तराला तो पट्टा नसतो. तिच्या खांद्यांवरून दप्तर घसरतं म्हणून मीच जूनमध्ये शिवून बसवला, पुढे टिचकीचं बकल लावून. अख्ख्या वर्गात एकटीच्या दप्तराला आहे.

"कोणी घातलं तिला दप्तर?"

"पाठ होती." म्हणजे माणसाची पाठ. एवढंच. मग ती चॉकलेट मागायला लागली.

मी पप्पांकडे गेले. ते ओट्यावर बसले होते, दाढीसुद्धा केली नव्हती.

"पप्पा, काल लग्नाला जाताना बदामला खांबाला बांधून गेलात?"

"मी? तिला मी कधी बांधतो? मोकळीच असते." त्यांनी वर बघितलं. "मला वाटलं तू बांधलीस, नंतर."

"मी तर अँजीला घेऊन पळाले. ती आधीच बांधलेली होती. तोकडी. मान हलवता येत नव्हती एवढी."

पप्पांची नजर तबेल्याकडे गेली.

कालच डॉक्टरांकडे नेण्याआधी मी जखमेचा फोटो काढला होता, मेलरॉयला पाठवायला. आता तो मोठा करून बघितला. जखम कमानीसारखी, म्हणूनच सगळे खूर म्हणाले. पण कमान लहान होती. अँजीच्या कपाळाला मी रोज तेल लावते, त्या भुवईची लांबी मला बोटांनी पाठ आहे. शेजारी खोकल्याच्या औषधाची बाटली होती. तिचं झाकण मी हलक्या हाताने पट्टीच्या वर धरलं, भुवईच्या लांबीशी ताडून पाहिलं.

झाकणाएवढं गोल. घोडीचा खूर माझ्या तळहाताएवढा आहे.

माझ्या मुलीला घोडीने मारलं नव्हतं. कोणीतरी तबेल्यात होतं.

४

कालचा तो क्षण सोडला तर मी जन्मात बदामच्या दोन हातांच्या आत गेले नव्हते. मला घोड्यांची भीती वाटते. त्या सकाळी गेले, आणि बरोबर जेम्स अंकलना घेऊन गेले.

जेम्स अंकल म्हणजे वसईतल्या शेवटच्या टांगेवाल्यांपैकी एक. मूळचे मिठागराच्या गावचे, वय पंचाहत्तर, एक डोळा मोतीबिंदूचा. किमतीच्या वेळी साक्षीला त्यांना बसवतात. सव्वा लाखाचा आकडा आठवड्यापूर्वी त्यांनीच पप्पांना सुचवला होता, आणि तेव्हा मी विचारलंही होतं, की ज्या घोडीला काहीच येत नाही तिचे एवढे?

"कोऱ्या जनावराची किंमत अर्धी डोल्यांनी करायची पोरी, नि अर्धी भरवशावर," ते म्हणाले होते. "पाय, दात, छाती दिसते. स्वभाव दिसत नाय. तो पुढे कलतो. म्हनून पंचाहत्तर हजार डोल्यांचे नि पन्नास भरवशाचे."

आता तो भरवसा गेला होता म्हणून पन्नास गेले, आणि लाज म्हणून आणखी पन्नास.

बदाम कोपऱ्यात उभी होती. रात्री पप्पांनी दोरी सोडली होती, पण तिच्याकडे बघितलं नव्हतं, खरारा नाही, काही नाही. आम्हाला बघून ती पुढे आली. मी जागच्या जागी गोठले.

"छाती बघा तिची," मी म्हटलं. "तुम्हीच बघा. मला नीट कळत नाही."

जेम्स अंकलनी चांगला डोळा जवळ नेला. मग बोट फिरवलं. बदामी केसांत छातीवर आडवी एक पट्टी, चार बोटं रुंद, केस दाबले जाऊन घामाने चिकटून वाळलेले. खांद्यावरून मागे तशीच एक.

"हा तर साज!" म्हातारा ताठ झाला. "कोनी चढवला? कोरी घोडी ना ही?"

तेवढ्यात कुंपणाबाहेरून संग्राम. सकाळी सकाळी पप्पांना पुन्हा गळ घालायला आला होता. माझं डोकं असं भडकलं की मी सरळ त्याची कॉलर धरली. अठ्ठावन्न किलोची मी, आणि तो एवढा दांडगा.

"काल चार वाजता कुठे होतास?"

"ताई, ताई! सोडा! राजोडीला होतो!"

"सगळं गाव लग्नात. तू एकटा लग्नात नव्हतास. तुझ्याकडे खोगीर आहे."

"शनिवारी चार वाजता मी धंदा सोडून इथे येऊ? तेव्हाच तर पब्लिक येतं! कोणालाही विचारा, माझी लाइन लागलेली होती." मग त्याने घोडीची छाती बघितली आणि त्याचाही आवाज बदलला. "आणि हे खोगीर नाही, ताई. माझं खोगीर पाठीवर, तंग पोटाखालून. वाळूवर हळूहळू चालवायचं, छातीला कशाला पट्टा? छातीला पट्टा कधी लागतो? काही ओढायचं असेल तेव्हा."

मी त्याची कॉलर सोडली.

ओढायचं असेल तेव्हा.

"जेम्स अंकल," मी म्हटलं, "मी आले तेव्हा तिचा पाय असा वर होता. पोरीच्या अंगावर. सगळे म्हणतात ती मारणार होती."

त्यांनी मला तिथेच उभं राहून दाखवायला लावलं. खांब कुठे, दोरी किती, अँजी कशी. मग त्यांनी बदामच्या मानेवर हात ठेवला.

"मारनारी घोडी पाय उचलून थांबत नाय, पोरी. मारून मोकली होते. हिला बांधली होती. मागे जागा नाय, बाजूला जागा नाय, नि पायाखाली पोर. पाय ठेवला असता तर..." त्यांनी वाकून तिचा पुढचा पाय चाचपला. "ती पाय धरून उभी होती. तीन पायांवर. तू येईस्तोवर."

मी तिच्या तोंडावर बादली मारली होती.

५

मिस्सा सुटल्यावर माणसं ओट्यावर जमली. पप्पा, विनीबाय, जेम्स अंकल, शेजारची चार घरं, कुंपणाला टेकून संग्राम. कॉन्रॅड अंकल बग्गी घेऊनच आले होते, एक घोडा जुंपलेली. घोडी लगेच न्यायची तयारी.

"चला सॅन्टन, आकडा सांग," ते म्हणाले. "पंचवीस ना? मला मंजूर."

"आकडा सांगायच्या आधीच मंजूर?" जेम्स अंकलनी विचारलं. "निवडनाऱ्याने आकडा सुचवायचा नसतो, कॉन्रॅड. काल रात्री पन तूच बोललास म्हने."

"अरे, माणुसकी म्हणून बोललो!"

मी अँजीला विनीबायच्या मांडीवर दिलं आणि उभी राहिले.

"पप्पा, मला आधी दोन प्रश्न विचारू द्या. अंकल, तुमची दुसरी घोडी कुठे आहे?"

"कुठली?"

"जोडीतली. काल नवरी एकाच घोड्याच्या बग्गीतून आली. विनीबायकडे फोटो आहे."

"ती... तिचा पाय मुरगळलाय. आठवडा झाला. त्याचा इथे काय संबंध?"

"ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की लग्नं बंद. त्याआधी तुमची किती लग्नं आहेत? सगळी जोडीची?"

त्यांनी बग्गीकडे बघितलं.

"म्हणजे तुम्हाला आत्ता, याच आठवड्यात, बग्गी ओढणारी घोडी हवी. कोरी घोडी घेऊन सहा महिने शिकवायला वेळ नाही. अंगावर साज घेते का, हे तुम्हाला आधीच बघायचं होतं. काल चार वाजता अख्खं गाव चर्चमध्ये होतं. बग्गी बाहेर, लगाम तुमच्या माणसाच्या हातात. लग्नाची मिस्सा तासभर चालते. तिथून आमची वाडी चालत दहा मिनिटं."

"रोवेना, तोंड सांभाळ." आवाज अजून गोड होता. "मी मागच्या बाकावर होतो. मुलीला लागलं म्हणून तुझं डोकं ठिकाणावर नाही, ते मी समजू शकतो. आई झोपलेली असते, मग दुसऱ्या कोणावर तरी..."

"मी झोपले होते हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"मी कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. आमच्या खोलीची खिडकी तबेल्याच्या वाटेवर आहे. तुम्ही आत डोकावून बघितलंत, मी झोपलेय याची खात्री केलीत, आणि मग गेलात."

"अंदाजाने बोललो! दुपारी बायका झोपतातच!"

"बरं. मग पुरावा बघू या. बग्गीच्या बैठकीखालचा दुसऱ्या घोडीचा साज काढा."

ते हलले नाहीत. संग्रामने दोन ढांगांत जाऊन तो काढला, काळ्या कातड्याचा, पितळी फुलं लावलेला. जेम्स अंकलनी छातीपट्टा हातात घेतला. रोजच्या भोकापाशी कातडं वर्षानुवर्षांच्या बकलाने काळं पडलेलं. पण नवी घडी तिथे नव्हती. ती तीन भोकं आत होती, ताजी, पांढरट.

"तुझी घोडी काय सुकली काय, कॉन्रॅड? तीन भोकांनी?"

पप्पा उठले. कालपासून पहिल्यांदाच ताठ. त्यांनी पट्टा घेतला, तबेल्याकडे चालू लागले, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे. साज बघताच बदाम मागे सरली, पण पप्पांनी तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटलं आणि ती थांबली. त्यांनी पट्टा त्या वाळलेल्या खुणेवर धरला आणि बकल त्या ताज्या भोकात घातलं.

तसूभर सैल नाही, तसूभर घट्ट नाही.

पट्ट्यापासून दोन लांब जोत, म्हणजे गाडी ओढायच्या वाद्या, लोंबत होते, टोकाला लोखंडी कड्या. मी खिशातून औषधाचं झाकण काढलं आणि एका कडीवर ठेवलं. बरोबर बसलं.

"घोडी बिचकली, जोत उडाला, कडी पोरीला लागली," मी म्हटलं. "अपघात. मी तो अपघात माफ केला असता, अंकल. शपथेवर सांगते. पोरीला उचलून माझ्या दारात आणली असतीत तर मी तुमचे पाय धरले असते. पण मला एक सांगा. ह्या साजाला बकलं किती?"

ते जमिनीकडे बघत होते.

"किती?"

"सहा."

"मी आले तेव्हा घोडीच्या अंगावर साज नव्हता. म्हणजे माझी मुलगी खाली पडलेली, डोळे मिटलेले, रक्त वाहतंय, आणि तुम्ही घोडीला खांबाला आवळून बांधलंत आणि बकलं सोडलीत. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. मग साज उचललात, आणि तिच्या बाजूने चालत गेलात. नवरा-नवरीच्या फोटोच्या वेळेला पोचलात. संध्याकाळी चॉकलेट घेऊन आलात, आणि दुखतंय का हे विचारायच्या आधी बोलली का हे विचारलंत!"

मी ओरडत होते. केळीवरचे कावळे उडाले. कोणी मला गप्प केलं नाही.

"मला वाटलं ती गेली," कॉन्रॅड अंकल म्हणाले. एवढंच म्हणाले.

६

आता किमतीचं.

जेम्स अंकलनी रीत सांगितली. कोऱ्या जनावराला ज्याने आधी साज लावला त्याची निवड गेली. आकडाही आमचा, निवडही आमची. पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "रक्त तुझ्या पोरीचं सांडलं. आकडा तू सांग."

"पंचवीस सांग," विनीबाय माझ्या कानात. "साडेबारा तोंडावर मार, घोडी आपली. चांगली अद्दल."

कॉन्रॅड अंकलनी ते ऐकलं असावं. "हो, पंचवीसच म्हणा. मला काही नको. मिटवून टाकू."

पंचवीस माझ्या जिभेवर आलंच होतं. त्यांनीच लावलेला सापळा त्यांच्याच पायात अडकवायचा, यासारखं सुख नाही. पण त्यांनी ज्या घाईने ते मंजूर केलं त्यानेच माझं डोकं पुन्हा तापलं. पंचवीस हजार ही लाथ मारणाऱ्या घोडीची किंमत होती. तो आकडा मी उच्चारला असता तर उद्या सगळी वसई म्हणाली असती, बघा, लाथ मारणारी होती म्हणूनच स्वस्तात सुटली. म्हणजे यांचं खोटं आमच्या तोंडून कायमचं खरं.

"जेम्स अंकल, डोळ्यांचे पंचाहत्तर ना?"

"पंचाहत्तर."

"आणि भरवशाचे पन्नास, तेव्हा स्वभाव दिसला नव्हता म्हणून. आता दिसलाय. तीन पायांवर उभी राहिली ती. त्याचे किती?"

म्हातारा हसला. सगळे दात गेलेत त्यांचे. "त्याचे अजून पंचवीस धर. जास्त धरू नको, मग ती किंमत नाय, राग होईल."

"दीड लाख," मी म्हटलं. "आम्ही ठेवतो."

निम्मे पंचाहत्तर हजार. लॅब सोडताना मिळालेले माझे प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे बँकेत होते. मी तिथेच मोबाइलवरून पाठवले. रागात पासवर्ड दोनदा चुकला. कॉन्रॅड अंकल म्हणत होते, "नको, पोरीच्या औषधाला ठेव." मी म्हटलं, "घ्या. हे घोडीचे आहेत. पोरीचं वेगळं आहे."

आणि अँजीला त्यांच्यासमोर उभी केली.

"सांगा तिला."

त्यांना गुडघ्यांवर बसावं लागलं. ती तेवढीशीच आहे. मग, "बेटा, बदामने तुला नाही मारलं."

"मला माहितेय," अँजी म्हणाली. "मग कोणी?"

मागे सगळं होळी गाव उभं होतं. मी काही केल्या मदत केली नाही. कोणीच केली नाही.

"मी," ते म्हणाले.

अँजीने विचार केला, बालवाडीत शिकवलं आहे तसा. "सॉरी म्हण."

त्यांनी म्हटलं. तिने मान हलवली आणि गाजर मागितलं. तिच्यापुरतं मिटलं.

माझं नाही मिटलं. त्या दुपारी मी जेम्स अंकलना साज चढवून उतरवायला लावला आणि मोबाइलवर वेळ लावली. हात सराईत, घोडी शांत, तरी सहा बकलं सोडायला दोन मिनिटं दहा सेकंद. आता रोज सकाळी अँजीला शाळेत सोडण्याआधी मी तिच्या दप्तराचं छातीवरचं बकल लावते. एक सेकंद लागतो. मग आम्ही मागच्या दाराने जातो, ती बदामला गाजर देते, आणि मी खांबाला टेकून उभी राहते. आता दोन हातांवर नाही. अगदी जवळ.